अकरावीला सीएस (कॉम्प्युटर सायन्स) घेताय? मार्कांच्या आधी लॅब बघा

दहावीचा निकाल लागला की पालक पोरांना घेऊन कॉलेजात येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम सीएस स्कोरिंग आहे ना? आहे, खरंच आहे. 200 मार्कांचा बायफोकल, म्हणजे दोन विषयांच्या जागी घ्यायचा विषय, त्यात निम्मे मार्क प्रॅक्टिकलचे, वरून दुसरी भाषा आणि बायोलॉजी सुटतं, म्हणजे टक्केवारीला चांगलाच हात लागतो. पण मी तासिका तत्त्वावर हाच विषय शिकवते, आधी धुळे जिल्ह्यात होते आता जळगावात, आणि मला फार तळमळीने सांगायचंय की हा प्रश्न पहिला विचारायचा नाहीये. पोरगं आठवड्याला किती वेळ स्वतः मशीनसमोर बसणार, हे विचारा आधी.

कारण होतं काय, इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीत फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स, सीएस नाही. मग दिवाळीनंतर पोरं क्लासला आणि सीएस गेला कोपऱ्यात, जर्नल एकाचं बघून दुसऱ्याने उतरवायचं, प्रोग्राम पाठ करायचे, फेब्रुवारीत प्रॅक्टिकल द्यायचं, संपला विषय. पाठ केलेला प्रोग्राम!! अहो 10 आकड्यांतला सगळ्यात मोठा शोधायचा प्रोग्राम ज्याला ओळ न ओळ पाठ आहे त्याला सगळ्यात लहान शोध म्हटलं की हात थांबतो. त्या पोराला 200 पैकी 190 पडले तरी त्याला शिकवलं काय आपण?

सगळे सिलॅबसला नावं ठेवतात. 8085 मायक्रोप्रोसेसर काय शिकवता, 1976 ची चिप आहे ती, आता एआयचा जमाना. मला हे पटत नाही. जास्तीत जास्त 64 केबी मेमरी जोडता येते तिला, आज पोराच्या खिशातल्या 8 जीबी रॅमच्या फोनमध्ये त्याच्या सव्वा लाख पटीहून जास्त, पण म्हणूनच ती सगळी डोळ्यांना दिसते ना. लॅबमधल्या 8085 च्या किटवर 3ई टाकला, म्हणजे पुढचा आकडा ए मध्ये ठेव हा हुकूम, पुढे आकडा टाकला, एकेक स्टेप चालवली की ए रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या छोट्या खणात, तोच आकडा येऊन बसलेला दिसतो. मशीनला आपण म्हणतो तेवढंच कळतं, ना कमी ना जास्त, हे तिथे समजतं, फोनवर जन्मात समजणार नाही. आणि 8051 चं, म्हणजे एका चिपवरच्या छोट्या कॉम्प्युटरचं, मायक्रोकंट्रोलरचं तर विचारूच नका, आपल्याकडे रात्री थ्री फेज येते म्हणून घरोघरी शेतातल्या मोटारीला फोनवरून चालू-बंद करायचा मोबाईल स्टार्टर बसवलाय, त्याच्या डब्यात असलाच मायक्रोकंट्रोलर असतो. हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरं पुढे सरकतात. मला तर वाटतं प्रत्येक कॉलेजने एखादा बंद पडलेला स्टार्टर आणून उघडून दाखवावा, पैसे लागत नाहीत त्याला.

सी++ या प्रोग्रामिंगच्या भाषेबद्दल मात्र माझी तक्रार आहे. बऱ्याच ठिकाणी अजून तोच निळ्या स्क्रीनचा जुना टर्बो सी++ कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलून देणारा), 1990 च्या आसपासचा. सी++ चं स्टँडर्ड 1998 ला आलं, त्यात प्रोग्रामच्या सुरुवातीला लिहायच्या आयोस्ट्रीम डॉट एच मधलं डॉट एच गेलं, वॉइड मेन असं लिहिलेलं चालत नाही. पोरगं घरी हौसेने फोनवर कंपायलर टाकतं, कॉलेजातला प्रोग्राम जसाच्या तसा टाईप करतं आणि एरर एरर एरर. त्याला वाटतं आपलंच डोकं चालत नाही, आणि तिथे पोरं सोडतात हो विषय, खास करून पोरी, कारण त्यांना घरी विचारायला कोणी नसतं. फुकटात मिळणारे नवे कंपायलर जुन्या मशीनवरही चालतात, कॉलेजने एक दिवस काढून टाकून दिले की झालं.

भाषेचंही तसंच. पेपर इंग्रजीत असू द्या पण समजावताना कशाला इंग्रजीचा हट्ट. मी लूप, म्हणजे तेच काम परत परत करून घेणं, मराठीत सांगते, मध्येच अहिराणीत सांगते, वर्ग मोकळा होतो. एका पोराने कापूस विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबाच्या पट्टीचा प्रोग्राम लिहिला होता, वजन टाका, भाव टाका, हमाली तोलाई वजा, हातात किती ते दाखव. कुठल्या पुस्तकात नाही तो. मग त्यालाच प्रश्न पडला की दहा शेतकऱ्यांच्या पट्ट्या एकदम कशा ठेवायच्या, आणि ॲरे, म्हणजे एका नावाखाली अनेक आकडे ठेवायची सोय, मी न शिकवता त्याने मागून घेतला. मशीनवर वेळ मिळाला म्हणून झालं ते.

नंदुरबारच्या धडगाव अक्कलकुव्याकडून आलेल्या पोरांचं वेगळंच असतं. हुशार पोरं, पण कीबोर्डला पहिल्यांदा हात अकरावीत लागतो, अर्धं वर्ष अक्षरं शोधण्यात जातं आणि तोवर बाकीचे पुढे. शाळेत आठवी नववीला कॉम्प्युटरचा तास खरा झाला असता, पेंट आणि वर्डच्या पुढे गेला असता, तर हे झालं नसतं. शाळेत पोरांना हाताने वस्तू बनवून बघता याव्यात म्हणून केंद्र सरकारची अटल टिंकरिंग लॅबची योजना 2016 पासून आहे, सहावी ते बारावीच्या पोरांसाठी, एका शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान. ज्या शाळांना मिळालीय त्यांनी ती पाहुण्यांच्या व्हिजिटपुरती उघडू नये, एवढीच हात जोडून विनंती.

आणि आर्ट्स कॉमर्सच्या पालकांनो, तुमच्यासाठीपण आयटी विषय आहे, 100 मार्कांचा, एचटीएमएल जावास्क्रिप्ट पीएचपी वगैरे, त्यातले 80 मार्क ऑनलाईन परीक्षेचे. अनेकांना माहितीच नसतं की आर्ट्सच्या पोरीला वेबसाईट बनवायला शिकता येतं. जवळच्या कॉलेजात आहे का विचारून घ्या.

आपल्या अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना होता, 1945 ला सुरू झालेल्या त्याच कंपनीची पुढे विप्रो झाली. त्या भागातल्या पोराला साधं प्रोग्रामिंग शिकायला पुण्याची गाडी पकडावी लागते याचं मला वाईट वाटतं.

तर ॲडमिशनला जाल तेव्हा फी विचारा, निकाल विचारा, पण लॅबमध्येपण जाऊन या. मशीन चालू करून दाखवा म्हणा. एका मशीनवर किती पोरं बसतात, लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का, शिकवणारे सर-मॅडम वर्षभर टिकतात की दर सत्राला बदलतात, बारावीच्या एखाद्या पोराला बाजूला घेऊन विचारा की शेवटचा प्रोग्राम स्वतः कधी लिहिलास. आणि लॅबची चावी कोणाकडे असते, शनिवारी दुपारी पोरांनी मागितली तर मिळते का, तेही विचारून या.