जे प्रवासात आहेत

मागच्या महिन्यात कांजूरमार्गला बहिणीकडे घरगुती प्रार्थनासभा होती. शेवटची प्रार्थना नेहमीप्रमाणे माझ्याकडे. "हे दयाघना, प्रेमळ स्वर्गीय पित्या" अशी सुरुवात केली आणि ओघात "जे आजारी आहेत, जे दुःखात आहेत" इथवर आलो, तर मागून अगदी हळू, पण माझ्या आधी आवाज आला, "जे प्रवासात आहेत." डोळे किलकिले करून पाहिलं. दहा वर्षांची भाची आणि तिची मैत्रीण, दोघी हात जोडून, ओठ दाबून हसत होत्या. माझी प्रार्थना त्यांना पाठ होती. थेट आमेनपर्यंत.

बहीण नंतर तिच्यावर चिडली. मी म्हटलं, राहू दे गं. पण परतीच्या लोकलमध्ये तेच डोक्यात. वीसएक वर्षं मी प्रवासात असलेल्यांसाठी प्रार्थना करतोय आणि त्यातल्या एकाचंही नाव मला सांगता आलं नसतं.

आपल्याकडे विश्वासात थंड पडलेला माणूस म्हटलं की चर्चला यायचं सोडलेला कुणीतरी डोळ्यांसमोर येतो. त्याच्यासाठी स्त्रीमंडळात विनंत्या होतात, पाळकसाहेब घरी जाऊन येतात. माझं मत आता वेगळं झालंय. सुस्तावलेला माणूस बहुतेक वेळा पुढच्या बाकावर सापडतो, आणि तो भयंकर बिझी असतो. मी चौदा वर्षं आमच्या चर्चच्या मंडळीचा खजिनदार आहे. अर्पणाच्या थैल्या मोजायच्या, लिफाफ्यांच्या नोंदी करायच्या, ऑडिट, वार्षिक सभा, नाताळचा मांडव. या सगळ्यात पवित्र शास्त्र उघडायचं ते पाठ वाचायची पाळी आली की. कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण रविवारी आपण सगळ्यांच्या आधी हजर असतो.

आणि दुसरा आजार पूर्वजांचा. नगरकडच्या प्रत्येक ख्रिस्ती घरात एक पणजोबा असतात, ज्यांनी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं कीर्तन प्रत्यक्ष ऐकलेलं असतं. आमच्याकडेही आहेत. त्या पणजोबांच्या पुण्याईवर आम्ही चार पिढ्या निवांत आहोत! पण खुद्द रेव्हरंड टिळकांनी काय केलं? 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर, जात, नातीगोती सगळं पणाला लावून झालं होतं. पुढे पाळक झाले, कवी म्हणून नाव झालं. आता बसून खाल्लं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. तर 1917 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, मिशनचा पगार सोडून या गृहस्थांनी 'देवाचा दरबार' मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही ख्रिस्ताचे शिष्य एकत्र यावेत. दोन वर्षांनी ते गेले. मी आज त्याच वयाचा आहे आणि मला चर्चमधला नेहमीचा पंखा बंद असला तर बाक बदलायचं जिवावर येतं.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली, प्रकटीकरणातली, लावदिकीया शहराची मंडळी आपण सगळ्यांनी ऐकली आहे: थंड नाही, गरम नाही, कोमट, म्हणून तोंडातून ओकून टाकण्याजोगी. जवळच्या हेरापोलीसला गरम पाण्याचे झरे होते, कलस्सैला थंड पाणी. लावदिकीयाला पाणी यायचं लांबून, दगडी नळांतून. ते नळ उकरून काढलेत, त्यांच्या आत चुन्याचे जाड थर आहेत. विरारकडे ज्यांना टँकरचं पाणी मिळतं त्यांना गीझर उघडल्यावर हाच थर दिसतो. एका दिवसात कधीच बसत नाही तो. शहर मात्र गबर. इ. स. 60 च्या भूकंपात पडझड झाली तर रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने उभं राहिलं. 'मला कशाची उणीव नाही' हे त्यांचं म्हणणं हिशेबाने बरोबरच होतं. खजिनदार म्हणून मला ते फार ओळखीचं वाटतं.

कुणी म्हणेल, तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने आहे, मग ही वाढीची कटकट कशाला? कृपेनेच आहे, वाद नाही. पण प्रेषित पेत्र त्याच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी कृपेतच वाढत जा म्हणतो, त्याचं काय करायचं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता जे लिहायला एवढा वेळ लावला ते. दादा विरारला असतो. वडिलांच्या चाळीतल्या खोलीच्या सह्यांवरून आमचं बिनसलं, त्याला नऊ वर्षं झाली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे शंभराच्या वर वेळा मी ती भाकर हातात घेतली. अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन मी स्वतः अर्पणाआधी वाचून दाखवलंय, आणि वाचून झाल्यावर थैली घेऊन मोजायला आत गेलोय. 'प्रवासात आहेत'मध्ये रोज विरार-चर्चगेट करणारा माणूस येतो, हे कधी सुचलंच नाही.

परवा रविवारी दुपारी फोन केला. "हॅलो" झाल्यावर दोघंही गप्प. मग तो म्हणाला, "तुमच्याकडे लोकलचा मेगाब्लॉक आहे का रे आज?"

मी म्हटलं, "मेनला आहे, दादा. वेस्टर्नचं माहीत नाही."

"आमच्याकडे जम्बो ब्लॉक म्हणतात," तो म्हणाला.

चार मिनिटं बोललो. खोलीचा विषय दोघांनीही काढला नाही.