भंगार म्हणण्याआधी झाकण तरी उघडा की!

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांब होणार. ज्यांना कंटाळा येतोय त्यांनी पुढं जा.

खानापूरच्या पलीकडं, जांबोटीच्या अंगाला एका गावात छोटं वाचनालय आहे. तिथला कॉम्प्युटर घेऊन एक पोरगा आज बेळगावात आला. गोणपाटात गुंडाळलेला, वडापमध्ये मांडीवर धरलेला. आधी एका दुकानात गेला. दुकानदारानं बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीन काळी, आतून लांब बीप. दोन मिनिटांत निकाल : "बोर्ड गेलाय मर्दा. टाकून जा, 400 देतो. नवीन 25 हजारात बसतंय." झाकण उघडलं नाही. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला नाही! मग पोरगा मशीन घेऊन आमच्याकडं आला.

अहो, बीप येतेय म्हणजे बोर्ड (मदरबोर्ड, आतलं मुख्य सर्किट) जिवंत आहे. मेलेला बोर्ड ओरडत नाही. थांबून थांबून वाजणारी लांब बीप बहुतेक वेळा एकच सांगते, रॅम (चालू कामाची मेमरी, बोर्डात खोचलेली पट्टी) सापडत नाही. आपल्याकडं पावसाळ्यात चार महिने भिंतीला ओल असते, त्यात रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट थर चढतो. वायर काढायची, बटण दहा सेकंद दाबून उरलेला करंट घालवायचा, पट्टी काढून शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरानं दोन्ही बाजूंनी दात घासायचे, खोबणीतली धूळ कोरड्या ब्रशनं झाडायची. परत बसवताना दोन्ही टोकांच्या क्लिपा 'कट्' वाजल्या पाहिजेत. दोन पट्ट्या असल्या तर एकेक लावून बघा, कुठली रुसलीय ते कळतं. वाचनालयाचं मशीन एवढ्यावर बोललं. 400 रुपयांत जाणार होतं ते!

मग दुसरी अडचण आली : एफ 1 दाबा म्हणून थांबलं, तारीख 2009. हा सेल. बोर्डावर नाण्याएवढा सीआर 2032 असतो, पानपट्टीवरसुद्धा मिळतो. तो उतरला की तारीख मागं जाते आणि मग ब्राउझर प्रत्येक साइटला 'सुरक्षित नाही' म्हणतो, लिनक्सचं (विंडोजऐवजी घालायची फुकट सिस्टिम) अपडेटही अडतं. लोक नेटवाल्याला शिव्या घालत बसतात.

आता मशीन काय आहे ते : पेंटियम ड्युअल कोअर ई5300, जी31 चा बोर्ड, 1 जीबीच्या दोन डीडीआर2 पट्ट्या, 160 जीबीची हार्ड डिस्क, त्यावर विंडोज 7. त्याचा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला. विंडोज 10 चाही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 याला हातसुद्धा लावणार नाही. म्हणजे कंपनीच्या हिशोबात हे मशीन मेलं. आमच्या हिशोबात नाही.

लिनक्सचे प्रकार ढीगभर, घालायचं म्हणताच पोरं आधी 'कुठलं चांगलं' म्हणून भांडतात. आधी प्रोसेसर 64 बिट (एका घासात किती डेटा घेतो त्याचं माप) आहे का ते बघा. इथं एक फसगत आहे : जुनं विंडोज '32 बिट' दाखवतं, पण ती विंडोजची जात असते, प्रोसेसरची नव्हे. ई5300 चोख 64 बिट आहे. खरोखर 32 बिटचं, सुरुवातीच्या ॲटमसारखं मशीन असलं तर डेबियन 12 या लिनक्सवर उभं असलेलं अँटीएक्स 23 घ्या. डेबियन 13 नं ऑगस्ट 2025 मध्ये 32 बिटचं इन्स्टॉलेशनच बंद केलं. 64 बिट आणि 2 जीबी असेल तर लुबुंटू नाहीतर एमएक्स लिनक्सचं एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती). 3-4 जीबी झाली की डोळे झाकून लिनक्स मिंट 22, एक्सएफसीई आवृत्ती. तिला एप्रिल 2029 पर्यंत सपोर्ट आहे. मिंटच्याच सिनॅमन आवृत्तीच्या नादाला लागू नका, देखणी आहे पण या ग्राफिक्सला झेपत नाही. वाचनालयाच्या मशीनला भंगारातल्या डब्यातून 2 जीबीची एक पट्टी सापडली, 2 अधिक 1 अशी 3 झाली, मिंट चढलं.

मिंट आधी पेनड्राइव्हवर चढवायचं, तो 8 जीबीचा. त्यासाठीच्या रुफस या प्रोग्राममध्ये पार्टिशन स्कीम एमबीआर निवडा, जीपीटी ठेवलंत तर जुना बायोस (बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होणारा बोर्डावरचा प्रोग्राम) ओळखणार नाही. मागच्या बाजूच्या यूएसबीत लावा, पुढच्या सॉकेटांची वायर या वयात सैल झालेली असते. बूट मेनूची (मशीन कशावरून सुरू करायचं ती यादी) कळ कुणाची एफ 8, कुणाची एफ 11, कुणाची एफ 12. आणि यादीत पेनड्राइव्ह दिसत नसला तर बायोसमध्ये 'हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज'च्या यादीत जाऊन बघा. जुने बायोस पेनड्राइव्हला हार्ड डिस्कच समजतात, तिथं त्याला एक नंबरला न्यावं लागतं. निम्मी जनता इथंच हात टेकते.

चालू झालं तरी लगेच इन्स्टॉल करू नका. पेनड्राइव्हवरच चालवून बघा : आवाज, नेट, स्क्रीन. स्क्रीन काळी राहिली तर 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. वायफाय दिसत नसलं तर मोबाईल वायरनं जोडून यूएसबी टेदरिंग करा, त्यावर ड्रायव्हर उतरवा. जुन्या फायली तिथूनच दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घ्या. 'इरेज डिस्क' दाबल्यावर रडून उपयोग नाही. 'डिस्क्स' नावाचा प्रोग्राम उघडून हार्ड डिस्कची स्मार्ट माहितीही (तिच्या तब्येतीचा अहवाल) बघा. 'पेंडिंग सेक्टर'समोर (धड वाचता न येणारी जागा) आकडा वाढत असला तर त्या डिस्कवर काही ठेवू नका. वाचनालयाच्या डिस्कवर तो होताच. 120 जीबीचा एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) घातला. बाकी सगळ्या खर्चाहून तो एकटा जास्त, पण जीव त्यानंच येतो, प्रोसेसर कुठलाही असो.

हं, कबूल. डीटीपीवाल्यांनी या वाटेला जाऊ नये. लग्नपत्रिका पेजमेकर-कोरलमध्ये श्रीलिपीच्या फाँटवर लावणाऱ्यांचा धंदा विंडोजवरच चालतो, आणि तसल्या जुन्या फायली लिनक्सवर उघडल्या तर अक्षरांची खिचडी होते. आधी युनिकोड (सगळीकडं सारखी चालणारी अक्षरं) करून घ्याव्या लागतात. टॅलीवाल्यांनाही हेच. यूट्यूब 480 च्या वर मागू नका, आणि ब्राउझरला एच264इफाय नावाचं एक्स्टेंशन जोडा, म्हणजे प्रोसेसरला झेपेल अशा साच्यात व्हिडिओ येतो. एचपी 1020 प्रिंटरला एचपीलिपचा (एचपीचं लिनक्ससाठीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) प्लगिन लागतो, तो नेट असतानाच उतरवून ठेवा. झालं, यापुढं काही कबूल करणार नाही.

राग थोडा उतरला तो संध्याकाळी. वाचनालयाचे काका पोराबरोबरच आले होते, दिवसभर बाकावर गप्प बसून. म्हणाले, "मराठी उमटतंय का नाही एवढंच सांग बाळ." सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट, 'सिस्टिम डिफॉल्ट'ची खूण काढायची, इंडियनमध्ये मराठी निवडायचं. तिथं एक नाव आहे, मराठी कगप फोनेटिक. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद! सीमाभागात बसून मराठी टाईप करायची आणि कळांची मांडणी कन्नडवाल्यांची. भांडणारे भांडोत, मांडणी मात्र झकास आहे. एल ला ल, शिफ्ट धरून एल ला ळ, एफ दाबला की अक्षराचा पाय मोडतो. काकांनी एका बोटानं हुडकत हुडकत 'बेळगाव' लिहिलं. ळ उमटल्यावर मान वर करून पोराकडं बघितलं, परत एकदा ळ दाबला. मग पुसून वाचनालयाचं नाव लिहायला घेतलं.

आणि 400 रुपये! परत आठवलं की परत तिडीक उठते. मशीन जागं करायला खोडरबर आणि सेल एवढंच काम होतं हो ते.

आता मागणं. या मशीनला अजून 2 जीबीची एक पट्टी हवी, म्हणजे बोर्डाची मर्यादा 4 जीबी भरते. कुणाच्या माळ्यावर जुना पीसी पडला असेल तर बघा. डीडीआर2 च हवी, डेस्कटॉपची लांब पट्टी. लॅपटॉपची आखूड चालत नाही, डीडीआर3 ची खाच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही. आणि ऑनलाइन 4 जीबीची एकच डीडीआर2 पट्टी स्वस्तात दिसली तर घेऊन पाठवू नका, तसल्या बहुतेक फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात. येत्या रविवारी काका मशीन न्यायला येणार आहेत.