गिऱ्हाईक दारातूनच परतवणारी वेबसाईट

मालक, कोल्हापुरात चप्पल लाईनला तुमचं दुकान आहे आणि आता कोल्हापुरी ऑनलाइन विकायची म्हणताय, तर आधी एक पक्कं ठरवा: वेबसाईट कुणासाठी? गिऱ्हाइकासाठी म्हणत असाल तर पुढचं वाचू नका. पैसे तुमचे, साईट तुमची, तेव्हा ती आवडायला पाहिजे तुम्हाला. गिऱ्हाईक आपलं बघून घेईल.

उघडल्या उघडल्या वर सरकत्या फोटोंचा स्लायडर पाहिजेच. पहिला फोटो आजोबांचा, दुसरा फीत कापतानाचा, तिसरा पाटीचा. चप्पल चौथ्या नंबरला ठेवा. तिथपर्यंत कुणी थांबत नाही, म्हणजे नापसंत व्हायचीही भीती नाही. फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच ८ एमबीचा चढवायचा. रुंदी १२०० पिक्सेलवर आणून वेबपी या हलक्या फाईलच्या प्रकारात साठवला तर बहुतेक वेळा तोच फोटो दोन-अडीचशे केबीत बसतो, पण एवढ्या स्वस्तात दाखवायला आपली चप्पल काय फुटपाथवरची आहे? पानावरचा सगळ्यात मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा असं गुगल म्हणतं. म्हणू दे. गगनबावड्याच्या एसटीत रेंजची एक दांडी धरून बसलेल्या माणसाला कसली घाई असते? आणि कोडमध्ये फोटोची रुंदी-उंची लिहूच नका. मग फोटो उशिरा आला की खालचं सगळं दणकन सरकतं आणि ‘खरेदी करा’वर नेलेलं बोट ‘काढून टाका’वर पडतं.

मजकूर पांढऱ्यावर फिकट करडा ठेवा. साध्या अक्षरांना पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-अंधाराचा फरक, लागतो असा नियम आहे, पण नियम पाळणारी साईट भारदस्त दिसत नाही. दुपारच्या उन्हात रंकाळ्यावर फोन बघणाऱ्याला कोरं पान दिसेल, डोळ्याला तेवढाच गारवा. मराठी मजकुराला इंग्रजीचीच सेटिंग लावायची. दोन अक्षरांत जादा अंतर टाकलं की शिरोरेघ तुटून शब्दाचे तुकडे पडतात आणि ओळींमधलं अंतर कमी केलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. याहून पुढं जायचं असेल तर सगळ्या फोनांना कळणारं युनिकोड सोडून जुन्या फॉन्टात टाइप केलेलं चिकटवा. गिऱ्हाइकाला अगम्य चिन्हं दिसतील, गुगलला तर काहीच सापडणार नाही.

किंमत? छे. ‘दरासाठी संपर्क करा’. संपर्काचा नंबर मात्र चित्रात लिहा, म्हणजे बोट लावून फोन लागणार नाही. लोकांना आकडे पाठ करायची सवय राहिली पाहिजे.

आता साईज. हे जरा इस्कटून सांगतो, कारण माल परत यायची खरी सोय इथंच होते. दुकानात तुम्ही गिऱ्हाइकाला बसवता, पाऊल बघता, दोन-तीन जोड पायात घालून चालायला लावता, चामडं वापरात सैल पडतं म्हणून सुरुवातीला जरा घट्टच घ्या म्हणता. यातलं एक अक्षर साईटवर येता कामा नये. नुसतं ‘८’ लिहा. ब्रिटिश ८, अमेरिकन ९ आणि युरोपियन ४२ हे पुरुषांचे नंबर साधारण एकाच पावलाचे असतात, तेव्हा कुठला ८ हे अजिबात सांगायचं नाही. कागदावर पाऊल ठेवा, टाचेपासून लांब बोटापर्यंत सेंटीमीटरमध्ये मोजा आणि तक्त्यात बघा, असल्या दोन ओळी टाकल्या तर पुण्याला गेलेला जोड पुण्यातच राहील. मग कुरिअरवाल्यानं काय करायचं?

एवढं करूनही एखादा चिवट निघतोच. त्याच्यासाठी फॉर्म. चपलेला लागतं नाव, फोन, पत्ता आणि पिनकोड, पण आपण जन्मतारीख, व्यवसाय आणि ‘आमच्याबद्दल कुठे ऐकलंत’ हेही घ्यायचं, सगळं सक्तीचं. रकान्याचं नाव रकान्याच्या आतच फिकट लिहा, टाइप करायला लागलं की ते गायब. मोबाईलच्या रकान्यात आकड्यांचा कीपॅड उघडू द्यायचा नाही. कुणी नंबराआधी +९१ लावलं किंवा मध्ये जागा सोडली तर ते काढून टाकणं कोडच्या एका ओळीचं काम आहे, म्हणून ते करू नका. त्याऐवजी लाल अक्षरात ‘अवैध इनपुट’ एवढंच दाखवा आणि भरलेला सगळा फॉर्म कोरा करा. कुठल्या रकान्यात काय चुकलं हे सांगितलं तर दुसऱ्या खेपेला बरोबर भरतील की! ओटीपी बघायला मेसेजमध्ये जाऊन आलं की पान पुन्हा पहिल्यापासून. कुरिअरचा खर्च शेवटच्या बटणाच्या वर, पहिल्यांदाच. ते बटणही तांदळाएवढं. ४४ पिक्सेलचं असावं म्हणणाऱ्यांची बोटं आपल्यासारखी नाजूक नसतील.

तपासणीचं एक राहिलं. पाच वापरणाऱ्यांना बसवा, काम द्या, गप्प बसून बघा, बहुतेक अडचणी तेवढ्यात कळतात, असं वेबसाईट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे जाणकार जेकब निल्सन यांनी २००० साली लिहून ठेवलंय. गप्प बसायचं? मालकानं? त्यापेक्षा साईट बनवणाऱ्या भाच्यालाच त्याच्या नव्या फोनवर, दुकानाच्या वायफायवर ती उघडायला लावा. ‘मामा, लई भारी चालतीया,’ असं तो म्हणाला की झाली तपासणी.

आणि एखादी मावशी फोन करून ‘ऑर्डर जात नाही हो’ म्हणाली, तर तिनं नेमकं काय दाबलं, पडद्यावर काय दिसलं, असलं काही विचारत बसू नका. रिफ्रेश करा म्हणायचं आणि फोन ठेवायचा.