पयल्या हाकेला ओ द्यायची न्हाई

व्हॅम्पायरच्या, म्हणजे मेल्यावर उठून जित्या माणसांचं रक्त पिणाऱ्याच्या गोष्टी मी शाळेपासून वाचत आलोय आणि तेव्हापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात. कोल्हापुरात राहून तुला त्या ट्रान्सिल्वानियाच्या सरदाराचं, ड्रॅक्युलाचं, काय एवढं? आपल्याकडं हडळ आहे, मुंजा आहे, खवीस आहे, वेताळाची तर गावोगाव ठाणी आहेत. प्रश्न रास्त आहे. उत्तर चहाच्या टपरीवर देता येत नाही, म्हणून इथं लिहितोय.

माझ्या मते या सगळ्या गोष्टी दाराच्या आहेत. रक्त, सुळे, काळा झगा हे सगळं नंतरचं. आधी दार, आणि दाराबाहेर उभं असलेलं माणूस ओळखीचं. बहुतेक गोष्टींत घरच्या कुणी आत बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरा ओलांडता येत नाही.

1725 साली सर्बियातल्या किसिल्येवो नावाच्या खेड्यात पेटर प्लोगोयोवित्झ नावाचा माणूस मेला, त्याला पुरलं. त्यानंतर आठवडाभरात गावातली नऊ माणसं गेली आणि जाण्याआधी ती सांगत होती, पेटर रात्री अंगावर येतो, गळा दाबतो. गावकरी हटून बसले, थडगं उकरलं, ऑस्ट्रियन अंमलदाराला तिथं हजर राहावं लागलं. त्यानं रीतसर अहवाल लिहिला आणि तो व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आला. त्या अहवालात मला सगळ्यात जास्त हलवणारी गोष्ट आहे ती पेटरच्या बायकोची. तिनं सांगितलं की नवरा घरी आला आणि त्यानं आपले जोडे मागितले. ती बाई गाव सोडून निघून गेली. वटवाघूळ नाही, किल्ला नाही. मेलेला नवरा जोडे मागतोय. एवढ्यावर अख्खी कादंबरी उभी राहील.

दुसरी हकीकत अमेरिकेतली, ऱ्होड आयलंडमधल्या एक्झिटर गावची. ब्राउन कुटुंबात क्षयानं आई गेली, पाठोपाठ एक मुलगी गेली. 1892 च्या जानेवारीत 19 वर्षांची मर्सी गेली आणि तिचा भाऊ एडविन अंथरुणाला खिळला होता. शेजाऱ्यांनी ठरवलं की घरातलंच कुणीतरी मेल्यावरही या पोराचा जीव शोषतंय. मार्चमध्ये तिघींचे मृतदेह तपासले. मर्सी कडाक्याच्या थंडीत गेलेली, त्यामुळं तिचं शरीर टिकलेलं होतं. तेवढ्यावरनं तिचं काळीज काढून जाळलं आणि राख कालवून एडविनला पाजली. दोनेक महिन्यांत तोही गेला. रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू 1882 लाच दाखवून दिला होता. पण या लोकांना मी खुळं म्हणणार नाही. क्षय उशाशी बसून सेवा करणाऱ्याला लागतो. ज्यानं जास्त जीव लावला तोच पुढचा. हे डोळ्यांदेखत बघणाऱ्याला काय वाटेल? आपल्याकडंही पाठोपाठ दोन मरणं झाली की म्हणतातच, 'तिनं त्याला ओढून नेलं.'

आमची आजी सांगायची, "रातच्याला कुणी हाक मारली तर पयल्या हाकेला ओ द्यायची न्हाई." कारण जे येतं ते घरच्याच माणसाच्या आवाजात येतं. म्हणून मला ट्रान्सिल्वानिया कधी परका वाटला नाही. फरक वाटतो तो पुढं काय करतात त्यात. आपण पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवून कावळ्याची वाट बघतो. कावळा शिवेना झाला की कुणीतरी पुढं होऊन कबूल करतं, धाकटीचं लग्न आम्ही करून देतो, काळजी करू नका. मेलेल्याचं काय राहिलंय हे आपण विचारतो. व्हॅम्पायरला ते कुणी विचारत नाही. त्याच्यासाठी छातीत ठोकायचा टोकदार खुंटा तयार असतो.

आता 'ड्रॅक्युला'. ब्रॅम स्टोकर लंडनच्या लायसियम थिएटरचा मॅनेजर होता, आणि ही कादंबरी 1897 च्या मे महिन्यात आली. त्यात ड्रॅक्युलाला घेऊन येणारं डिमीटर नावाचं जहाज इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या बंदरात शिरतं, तेव्हा कप्तानाचं प्रेत सुकाणूच्या चाकाला बांधलेलं असतं आणि बाकी खलाशी एकेक करून गायब झालेले असतात. तारीख बघा. 1896 ला प्लेग मुंबईत आला, 1897 ला पुण्यात त्यानं थैमान घातलं, जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. स्टोकरनं प्लेगवर लिहिलंय असं मी म्हणत नाही. पण मराठी माणूस डिमीटरची रोजनिशी वाचतो तेव्हा त्याच्या मनात तीच वर्षं जागी होतात, निदान माझ्या होतात. बाकी, ड्रॅक्युला उन्हानं मरतो हे त्या पुस्तकात नाही. तो लंडनमध्ये भरदिवसा फिरतो. ऊन लागून मरणं 1922 च्या 'नोस्फेराटू' चित्रपटातनं आलं.

त्या कादंबरीतला माझा प्रसंग ल्यूसीचा. मरून व्हॅम्पायर झालेली ल्यूसी स्मशानात आपल्या होणाऱ्या नवऱ्याला गोड आवाजात बोलावते, आर्थर, ये माझ्याकडं. आणि आर्थर हात पसरतो. समोर काय आहे हे त्यानं बघितलंय, तरी पसरतो. व्हॅम्पायरचा जाणकार डॉक्टर व्हॅन हेलसिंग मध्ये पडतो म्हणून आर्थर वाचतो. ड्रॅक्युलाच्या किल्ल्यापेक्षा मला हे पसरलेले हात जास्त भितीदायक वाटतात.

तरी माझं सगळ्यात आवडतं पुस्तक 'ड्रॅक्युला' नव्हे. ते शेरिडन ल फानूचं 'कार्मिला', 1872 चं, म्हणजे पंचवीस वर्षं आधीचं. छोटंसं आहे, दोन बैठकींत संपतं. ऑस्ट्रियातल्या स्टायरियात एका एकाकी गढीत लॉरा नावाची मुलगी वडिलांबरोबर राहते. बरोबरीचं कुणी नाही. एका संध्याकाळी गढीसमोर एक घोडागाडी उलटते, आतली बाई घाईत आहे, तिला आपल्या मुलीला कुठंतरी ठेवून जायचंय. आणि लॉरा स्वतः वडिलांच्या गळ्यात पडते, हिला आपल्याकडं राहू द्या म्हणून. राक्षसाला घरात घेणारी ती स्वतःच, तेही एकटेपणापोटी. पुढं कळतं की लॉराची मेलेली आई ज्या कार्नस्टाइन घराण्यातली, त्याच घराण्यातली ही कार्मिला. म्हणजे रक्ताचं नातं आधीपासूनच आहे. सगळं संपल्यावर, कित्येक वर्षांनी लॉरा लिहिते की अजूनही कधी कधी दिवाणखान्याच्या दाराशी कार्मिलाचं हलकं पाऊल वाजल्याचा भास होतो. त्यात भीती आहे आणि ओढही आहे, आणि ल फानू त्या दोन्ही वेगळ्या करत नाही. जुलैत राजाराम बंधाऱ्याचं पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडं चढत असतं, लाइट गेलेली असते, तेव्हा मी दरवर्षी हे पुस्तक काढतो.

मराठीत नारायण धारपांचं 'लुचाई' आहेच. स्टीफन किंगच्या 1975 च्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेलं. किंगच्या कादंबरीत मेलेला शाळकरी पोरगा रात्री मित्राच्या खिडकीशी येऊन आत घे म्हणतो. ज्यांनी लहानपणी गल्लीतनं मित्राची हाक ऐकलीय त्यांना अजून काही समजावून सांगायला नको.

आणि अमेरिकन लेखिका अ‍ॅन राइस. तिची मुलगी सहा वर्षांची व्हायच्या आत 1972 ला रक्ताच्या कर्करोगानं गेली. 1976 ला तिचं 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' आलं. त्यात क्लॉडिया नावाची एक पाचेक वर्षांची मुलगी आहे, जी व्हॅम्पायर होते आणि मग कधी मोठीच होत नाही. हे माहीत झाल्यापासून मला त्या पुस्तकाला नुसतं 'हॉरर' म्हणवत नाही.

'ट्वायलाइट' मात्र मला कधीच भिडलं नाही. तिथं एडवर्ड नावाचा व्हॅम्पायर बेला या मुलीला न विचारताच तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो. परवानगीच काढून टाकली तर या गोष्टीत उरतं काय?

'लेट द राइट वन इन'च्या स्वीडिश चित्रपटात, 2008 च्या, नेमकी हीच जागा पकडलीय. ऑस्कर नावाचा पोरगा व्हॅम्पायर असलेल्या एलीला चिडवतो, बोलावलं नाही तर काय होईल? ती बोलावणं नसताना उंबरा ओलांडते आणि तिच्या डोळ्यांतनं, कानांतनं, अंगभर रक्त यायला लागतं. पोरगा घाबरून ओरडतो, ये, तू आत ये.

मला आता अशी एक मराठी कादंबरी हवी आहे. गगनबावड्याचा पाऊस, पितृपक्ष, न शिवलेला कावळा, आणि उंबऱ्याबाहेर थांबलेलं, आत बोलावण्याची वाट बघणारं घरचंच माणूस. कुणी लिहिली असेल तर कमेंटमध्ये नाव टाका, आणि लिहीत असाल तर पहिला खर्डा मला वाचायला द्या.