जज विकलेला नसतो, तरी निकाल चुकतो

2014 च्या इंचॉन एशियन गेम्समधला आपल्या बॉक्सर सरिता देवीचा पोडियमवर रडतानाचा फोटो, आणि खाली चार वाक्यं: परदेशात तिथल्याच बॉक्सरला पॉइंट्सवर हरवणं अशक्य, नॉकआउट हाच एक स्वच्छ निकाल, जजेस विकलेले असतात, बाहेरचे जजेस आणि मशीन आणलं की विषय संपला. हा मेसेज सगळीकडे फिरतोय. सेमीफायनल कोरियाच्या पार्क जी-नाला दिली गेली आणि सरिताने आपलं ब्राँझ तिलाच देऊन टाकलं, तिचा तो राग मला पूर्ण पटतो, आजही ती फाइट बघवत नाही. पण म्हणून ही चारही वाक्यं खरी ठरत नाहीत.

"अशक्य" हे तर लगेच खोडता येतं. युक्रेनचा बॉक्सर उसिक बघा. 2016 ला पोलंडमध्ये जाऊन ग्लोवात्स्कीला, 2018 ला रिगामध्ये ब्रिएडिसला, त्याच वर्षी मॉस्कोत गासिएव्हला आणि 2021 ला लंडनमध्ये जोशुआला, चौघांनाही त्यांच्याच घरात किंवा घरच्या पब्लिकसमोर हरवलं आणि चारही वेळा पॉइंट्सवर. म्हणजे अवघड आहे, खूप अवघड आहे, पण अशक्य नाही, आणि "अशक्य" म्हणून आपण आपल्याच पोरांना रिंगमध्ये उतरायच्या आधी हरवतो.

आता नॉकआउट. 1910 ते 2002 मधल्या युरोपियन चॅम्पियनशिप फाइट्सचा एक अभ्यास 2005 ला आला होता. दोघं तोडीस तोड असतील तर घरचा जिंकायची शक्यता नॉकआउटच्या निकालात 57 टक्के, टेक्निकल नॉकआउटमध्ये 66 आणि पॉइंट्सवर 74. म्हणजे नॉकआउटमध्येही घरच्याचं पारडं थोडं जड असतंच, प्रवास नाही, झोपेचं खोबरं नाही, पब्लिक आपलं. टेक्निकल नॉकआउटमध्ये फाइट कधी थांबवायची हे रेफरी ठरवतो, तिथे आकडा चढतो, आणि सगळंच जजेसच्या हातात गेलं की अजून चढतो. माणसाच्या मतावर जितकं जास्त सोडाल तितकं घरच्याचं फावतं, इतकं सरळ आहे.

"जजेस विकलेले असतात" हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. घोटाळे झालेत, नाकारत नाही. रिओ 2016 ऑलिंपिकमधल्या बॉक्सिंगमध्ये निकाल फिरवायची यंत्रणाच होती असं नंतर रिचर्ड मॅक्लारेन यांच्या स्वतंत्र चौकशीत निघालं. पण तिथला सगळ्यात गाजलेला वादग्रस्त निकाल आयर्लंडच्या कॉनलनचा, आणि तो हरला रशियाच्या निकितिनकडून, ब्राझीलच्या कुणाकडून नाही! फिक्सिंग आणि होम अॅडव्हान्टेज हे दोन वेगळे रोग आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. सोल 1988 ऑलिंपिक घ्या, अमेरिकेच्या रॉय जोन्सचे 86 पंच लागले, कोरियाच्या पार्क सी-हुनचे 32, तरी जजेसच्या 3-2 मतांनी गोल्ड पार्कला. पुढे ऑलिंपिक कमिटीने चौकशी केली आणि 1997 ला सांगितलं की लाचेचा पुरावा नाही. (पार्कने 2023 ला स्वतः अमेरिकेत जाऊन ते मेडल जोन्सला दिलं, त्या माणसाचंही आयुष्यभर नुकसानच झालं.)

मग प्रामाणिक जज चुकतो कसा? कानाने. मुए थाईमध्ये, म्हणजे थायलंडच्या किकबॉक्सिंगसारख्या खेळात, प्रयोग झालाय, काही जजेसना पब्लिकचा आवाज ऐकू येत होता, काहींच्या कानावर आवाज बंद करणारे हेडफोन, फाइट तीच, आणि आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या फायटरला जास्त पॉइंट्स दिले. घरच्याचा पंच ग्लोव्हवर बसला तरी अख्खं स्टेडियम ओरडतं आणि पाहुण्याचा बरोबर बरगडीत बसतो तेव्हा शांतता, जजला तीन मिनिटांत शेकडो हालचालींतून एक 10-9 (राउंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9) काढायचा असतो, तो आवाजाचा आधार नकळत घेतो. रंगाचंही तेच. तायक्वांदोच्या रेफरींना तेच व्हिडिओ फक्त खेळाडूंच्या गार्डचा लाल-निळा रंग अदलाबदल करून दाखवले तर लालला साधारण 13 टक्के जास्त पॉइंट्स मिळाले. इथे कोण कुणाला पैसे देणार?

आणि बाहेरचे जजेस? 2017 ला ब्रिस्बेनमध्ये फिलिपिन्सचा पॅकियाओ ऑस्ट्रेलियाच्या हॉर्नकडून हरला तेव्हा तीन जजेसपैकी दोन अमेरिकन, एक अर्जेंटिनाचा, ऑस्ट्रेलियाचा एकही नाही, तरी एका जजच्या स्कोअरकार्डवर हॉर्न 117-111 ने पुढे. पासपोर्ट बाहेरचा असला तरी कान त्याच स्टेडियममध्ये असतात.

मशीन पण येऊन गेलंय. सोलच्या गोंधळानंतर 1992 च्या बार्सिलोनापासून लंडन 2012 पर्यंत बटणं होती, पाचपैकी तीन जजेसनी साधारण एका सेकंदात दाबलं तरच पॉइंट. बटण दाबणारा माणूसच, त्यात बॉडी पंच आणि कॉम्बिनेशन मोजलेच जाईनात म्हणून बॉक्सर्स लांबून एकेक टच मारायला लागले, शेवटी 2013 ला बंद केलं. त्यापेक्षा जजच्या कानावर हेडफोन द्या, आणि प्रत्येक राउंड संपला की कार्ड लगेच जाहीर करा, म्हणजे मागे पडलेल्या पाहुण्याला निदान कळेल की किती राउंड उरलेत आणि आता काय करायचंय.