दहा नंबरचे बूट

आज सकाळी अण्णांचा तिसरा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "सर, बूट कवा देऊलालाव?" आणि मी काही बोलायच्या आत, "आन धुऊन द्या बरं का. मी बी तुमाला धुतलेलेच दिल्ते."

बूट कसले, तर पांढरे कॅनव्हासचे, दहा नंबरचे, डाव्या अंगठ्याशी भोक पडलेले. माझा पाय सात नंबरचा. हे बूट माझ्या पायात आले ते व्हिक्टोरिया धबधब्याशेजारच्या एका १९०४ सालच्या हॉटेलात, रात्री पावणेआठला, जेवणाच्या दालनाच्या दारात. आम्ही बावीस जण, लातूर, उदगीर, अंबाजोगाईकडचे. लातूर एक्स्प्रेसने मुंबई, मुंबईहून विमानाने अदिस अबाबा, तिथून झिंबाब्वे. प्रस्तावना एवढी पुरे. मुद्दा पादत्राणांचा आहे.

त्या धबधब्याला कातडी बूट घालून जाऊ नये. आपल्या बीड जिल्ह्यातल्या सौताड्याच्या धबधब्याला कसं, आपण लांबून धार बघतो, हौस असली तर पायऱ्या उतरून खाली रामेश्वराच्या देवळाला जातो. इथे तसं नाही. झांबेझी नदी १७०८ मीटर रुंद पसरलेली असते आणि ती सगळीच्या सगळी एका अरुंद फटीत १०८ मीटर खाली कोसळते. फटीच्या त्या काठाला पाणी, ह्या काठाला आपण, आणि मधलं अंतर काही ठिकाणी शंभर मीटरसुद्धा नाही. पडणारं पाणी हवेला खाली रेटतं, हवेला पळायला जागा नसते, मग ती तुषार घेऊन उसळून वर येते. पूर जोरात असला तर हा धूर चारशे मीटरच्याही वर जातो. स्थानिक नावच 'मोसी-ओआ-तुन्या', गरजणारा धूर. वर गेलेले तुषार परत पाऊस होऊन आपल्याच डोक्यावर पडतात. म्हणजे पाऊस आधी खालून येतो, मग वरून. छत्री पहिल्या झटक्याला उलटी होते आणि तिचा उपयोग काठी म्हणून राहतो. पायघोळ रेनकोट भाड्याने मिळतो, तो गुडघ्यापर्यंतच इमान राखतो. त्याच्या खालचं सगळं पाणी निथळून कुठे जातं? बुटात.

आम्ही गेलो एप्रिलात, कारण तेव्हा पोरांच्या परीक्षा संपतात. झांबेझीला आपल्या परीक्षांशी घेणंदेणं नाही. तिच्या खोऱ्यात, वर अंगोला-झांबियाकडे, पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च पडतो, आणि तो वाहत वाहत इथे पोचेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणून पाऊस संपल्यावर पूर. त्या दिवसांत धबधबा ऐकू येतो, अंगावर येतो, फक्त दिसत नाही. समोर पांढरं धुकं. एवढे पैसे खर्चून मी जे पाहिलं ते घरी अंघोळीच्या वेळी चष्मा न काढता दिसतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उलट, झांबियाच्या बाजूला बराचसा उघडा कातळ आणि झिंबाब्वेच्या बाजूला तेवढं पाणी. नीट बघायचं तर जून ते ऑगस्ट बरं. पश्चिमेच्या टोकाला, शोधप्रवासी लिव्हिंग्स्टनच्या पुतळ्याजवळ, त्यातल्या त्यात कोरडं असतं. तिथून पूर्वेकडे जाल तसं भिजणं वाढत जातं, आणि शेवटच्या 'डेंजर पॉइंट'वर खडक शेवाळलेले. पायात पट्ट्याची रबरी सँडल हवी, मोबाइल गळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत हवा, पासपोर्ट खोलीच्या तिजोरीत हवा. हे सगळं मला आता माहीत आहे.

भिजलेले कातडी बूट वाळवायची रीत अशी: आतला तळ काढायचा, जीभ बाहेर ओढायची, वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दर दोन तासांनी ते बदलायचे आणि बूट आडवे करून पंख्याखाली ठेवायचे. दोन दिवस लागतात. मी केस वाळवायचं यंत्र लावलं. गरम हवेने कातडं आक्रसतं आणि सोलचं सोल्यूशन सुटतं. साडेसातला उजव्या बुटाने तोंड उघडलं.

खोलीतल्या टेबलावर एक कार्ड होतं. संध्याकाळी जेवणाच्या दालनात अर्धी चड्डी नको, चप्पल नको, असं त्यावर छापलेलं होतं. मी ते बशीखाली घेतलं होतं. त्यामुळे दारावरच्या पांढऱ्या हातमोज्यांच्या माणसाची काही चूक नाही. तो इतका अदबीने माझ्या पायांकडे बघत होता की त्यापेक्षा त्याने हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या मागे आमच्या बावीसपैकी एकोणीस जण रांगेत. पुढे काचेची झुंबरं, कुणीतरी पियानो वाजवतंय, आणि मी निळ्या पट्ट्याच्या हवाई चपलेत.

"काय झालं सर? कामून उभारलाव?"

हे अण्णा. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त. पायात लेकीच्या लग्नातले काळे बूट, चकाचक.

"चप्पल चालत नाही म्हणतात, अण्णा."

अण्णांनी गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकून पंचनामा केला. "रबरी हाय?"

"हो."

"मग कशी चालंल?" आणि मोठ्याने, रांगेला ऐकू जाईल असं, "थांबा, मी देतो तुमाला बूट. इज्जतीचा सवाल हाय लातूरच्या."

लातूरच्या इज्जतीचा तोवर सवाल नव्हता, माझ्याच होता. त्यांनी वरच्या खोलीतून मॉर्निंग वॉकचे बूट आणले, पिशवीतून काढून सगळ्यांदेखत माझ्यापुढे ठेवले आणि लेस सैल करून दिली. वर्तमानपत्राचे बोळे मी ह्या बुटांच्या चवड्यात कोंबले. पियानोच्या तालावर फटक-फटक करत मी आत शिरलो. ज्याचे बूट त्याच्याच टेबलावर बसावं लागतं, हा नियम कुठल्या कार्डावर नव्हता.

सूप आलं. लाल भोपळ्याचं. अण्णांनी खिशातून पुडी काढून जवसाची चटणी भुरभुरवली आणि मीठदाणी माझ्यासमोर सरकवली.

"ही मांजरा."

मग मिरेदाणी. "हे जायकवाडी. आता मला सांगा, सर, ह्या धबधब्याची वर्षाची सरासरी किती?"

मी चमचा तोंडात धरून मान हलवली.

"१०८८ घनमीटर. सेकंदाला! क्युसेकात, म्हंजे सेकंदाला घनफुटात, धरा ३८ हजारावर. आता आपली पाण्याची रेल्वे आठवती का?"

लातूरचा माणूस आणि दुष्काळात लातूरला पाणी घेऊन आलेली रेल्वे आठवती का? पण अण्णांना उत्तर नको होतं, तोंडी परीक्षा हवी होती.

"साल?"

"२०१६. एप्रिल."

"कुठून?"

"मिरजेहून."

"पयल्या गाडीला डबे किती?"

"दहा."

"पाणी?"

"पाच लाख लिटर."

"ती आख्खी गाडी," अण्णा उठून उभे राहिले, हातातला रुमाल रुळांसारखा टेबलावर पसरला, "हितं आर्ध्या सेकंदात जाती! आर्ध्या!" आणि कपाळावर हात मारला. वाढपी धावत आला. सूप बिघडलंय का, असं तो विचारत होता. मी नाही म्हणालो. अण्णा मराठीत म्हणाले, "सूप चांगलंय, नियोजन बिघडलंय." त्याने मान डोलावली. मला वाटतं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळलं.

पुढे पन्नास डब्यांची गाडी झाली, पंचवीस लाख लिटरची. "सव्वादोन सेकंद." मांजरा धरण, एकूण साठा २२४ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. "दोन दिस नऊ तास." सूपाची बशी गेली आणि मक्याच्या पिठाचा साद्झा आला. हाताने तोडून कालवणाला लावून खायचा, आपल्या घट्ट घाट्याचा भाऊ. त्याचा गोळा करून अण्णांनी जायकवाडीच्या मिरेदाणीमागे भिंत घातली. १०२ टीएमसी, म्हणजे १०२ अब्ज घनफूट. "एक महिना, सर. एका महिन्यात जायकवाडीचा नाथसागर काठोकाठ. आन ही सरासरी झाली. आत्ता पूर हाय, आत्ता त्याच्या दुप्पट धरा."

मी गुपचूप टेबलाखाली मोबाइलवर हिशेब केला. चुकेल अशी आशा होती. चुकला नाही. माणूस त्रासदायक असावा आणि त्याचं गणितही बरोबर असावं, हे फार होतं.

"खोलीत टब हाय तुमच्या?" त्यांनी एकदम विचारलं.

"आहे."

"भरला का?"

"नाही."

भरला होता. गळ्यापर्यंत. वर साबणाचा फेस करून अर्धा तास पडलो होतो.

"साधारण दोनशे लिटर बसतंय त्यात. म्हंजे आपला एक निळा ड्रम. खोलीत बादली नाही, मग नाही. मी चहाच्या केटलीनं आंगोळ केली. बारा केटल्यात झालं सगळं." केटलीत नंतर चहा केला का, हे मी विचारलं नाही. त्यांच्या खोलीतल्या उदगीरच्या काकांनी बहुधा प्यायला होता.

ह्या हॉटेलची पहिली इमारत लाकूड-पत्र्याची होती. रेल्वे १९०४ साली इथवर आली, तिच्याबरोबर हेही आलं, आणि दरीवरचा लोखंडी पूल १९०५ साली. हिरवळीवरून तो पूल आणि मागचा धूर दिसतो, त्या दृश्याचेच पैसे. आमच्या गल्लीत पत्र्याच्या खोलीत चार पिढ्या राहिल्या तरी तिला कुणी हेरिटेज म्हणालं नाही, नोटीस तेवढी आली. १९२० ते १९५७ पाहुण्यांना धबधब्यापर्यंत न्यायला बारक्या रुळांवर ट्रॉल्या होत्या. वर छत, बाकांवर साहेब-मडमा, आणि ढकलायला स्थानिक माणसं. जाताना उतार, म्हणजे साहेबांना वारा. येताना चढ, तो कुणाच्या वाट्याला हे सांगायला नको. आज ती वाट चालत दहा-पंधरा मिनिटांची आहे. सात नंबरच्या पायाने दहा नंबरच्या बुटात वीस.

कारण बूट मी परत करू शकलो नाही. माझ्या बुटाचा सोल सुटला तो सुटलाच, आणि पुढचे तीन दिवस अण्णांचे बूट मी घातले, म्हणजे अण्णाच घातले. दुसऱ्या संध्याकाळी नदीवर बोटीची फेरी होती. बोट सुटायच्या आधी धक्क्यावर त्यांनी मला घड्याळ धरायला लावलं. फ्लोटनं वेग काढायचा होता. पद्धत खरी आहे. काठाने दहा-वीस मीटर मोजायचे, वरच्या टोकाला तरंगणारी वस्तू सोडायची, खालच्या टोकाला पोचायला किती सेकंद ते बघायचं. आलेला वेग ०.८५ ने गुणायचा, कारण पृष्ठभागाचं पाणी खालच्यापेक्षा जोरात पळतं. मग नदीच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणायचं. तरंगणारी वस्तू म्हणून अण्णांनी दुपारच्या चहातला स्कोन आणला होता. तिमजली ताटाच्या मधल्या मजल्यावरचा, साय-जॅम लावून खायचा असतो तो. सोडला. चार सेकंद झाले, पाण्यात खळबळ झाली आणि स्कोन गेला. मासा असेल, आणखी काही असेल. रीडिंग गेलं.

रक्षक तरातरा आला. जनावरांना खायला घालायचं नाही, पाटी दिसत नाही का? हे सगळं तो मला सुनावत होता, कारण अण्णांनी दुसरा स्कोन तोवर माझ्या हातात दिला होता. "सांगा त्याला, ट्रायल तीन घ्याव्या लागतात," अण्णा मागून म्हणाले.

हसायला ठीक आहे. पण हे हिशेब डोक्यातून जात नाहीत, त्याचा राग येतो. तिथे हिरवळीवर चहा पिताना सगळ्या जगातले लोक धूर बघून वा वा करत होते, आणि आम्ही दोघं डबे मोजत होतो. २०१६ साली टाक्यांजवळ गर्दी करायला बंदी होती, १४४ कलम लावून. आणि २०२५च्या सप्टेंबरात त्याच मांजरेला असा पूर आला की काठची शेतं खरवडून गेली, सोयाबीन पाण्यात कुजलं. तेव्हा धरण भरलं होतं, दरवाजे उघडले होते, आणि आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनीच येत होता. पाइप फुटलाय, मोटार जळालीय, वीजबिल थकलंय. ह्याला १०८८ घनमीटर काय करणार? हे मी अण्णांना बोललो असतो, तर त्यांनी मीठदाणी पुन्हा पुढे ओढली असती. ते तर आयुष्यभर त्याच खात्यात होते.

तर बूट. कॅनव्हास धुवायला बादलीभर तरी पाणी लागतं, आणि झांबेझीचा लाल चिखल निघायला दोन. सोडा लावून ब्रशने घासायचे, पांढऱ्या कापडावर डाग राहू नये म्हणून वर टिश्यू पेपर गुंडाळून सावलीत वाळवायचे. नळ शनिवारी आला होता. परवा पाहुणे आले, ड्रम तळाला गेला.

"अण्णा," मी म्हणालो, "पाणी आलं की देतो."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग कागद खसखसल्याचा आवाज.

"कवा येतंय तुमच्याकडं?"

"शनिवारी."

"किती वेळ?"