वॉलाय सर्वात खोल जागी असतो म्हणे!

मे महिना उजाडला की मिनेसोटातल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. बर्फ वितळलेला असतो, मेच्या मध्यावर वॉलाय या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाचा हंगाम उघडणार असतो आणि गावी कधीकाळी खाडीवर गरवायला गेलेल्यांचे हात शिवशिवत असतात. मजकूर थोडक्यात असा: अनोळखी मोठ्या तळ्यावर वॉलाय शोधणं अगदी सोपं आहे. नकाशात सर्वात खोल जागा बघा. तिथे खडक असेल तर उत्तमच. रात्री जा, दिवसा तो खात नाही. वारा ज्या काठावर आपटतो तिथे नांगर टाका. काहीच कळलं नाही तर बोटींची गर्दी असेल तिकडे वळा. आणि खिशात पैसे असतील तर समोरचा मासा पडद्यावर दाखवणारं ‘सोनार’ यंत्र घ्या, म्हणजे डोकंच चालवायला नको.

यातलं एकही वाक्य निखालस खोटं नाही, हीच खरी अडचण. प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या तळ्यावर, कुठल्या ना कुठल्या आठवड्यात खरं ठरतं. मग ते काकांच्या अनुभवाचं म्हणून पुढे ढकललं जातं आणि नवखा माणूस दोनशे डॉलर पेट्रोल-आमिषात घालवून रिकाम्या हाताने परततो. मीही परतलोय, म्हणून हा खटाटोप.

पडताळणीसाठी मिल लॅक्स हे इथलंच तळं घेऊ. नाव फ्रेंच, अर्थ ‘हजार तळी’. इथली माणसं मात्र सरळ ‘मिल लॅक्स’ म्हणतात. फ्रेंच उच्चार करून दाखवलात तर दुकानदार आपल्याकडे दयेने बघतो. मिनिॲपोलिसपासून उत्तरेला साधारण १०० मैल. क्षेत्रफळ सुमारे १,३२,००० एकर, म्हणजे ५३० चौरस किलोमीटरच्या वर. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी होतील, जवळपास तेवढं पाणी. आणि एवढ्या पसाऱ्याची सर्वात जास्त खोली किती? ४२ फूट.

आता ‘सर्वात खोल जागा बघा’ हा सल्ला इथे लावून बघा. मिल लॅक्सचा खोल भाग म्हणजे खड्डा नाही, मैलोन् मैल पसरलेलं सपाट मैदान आहे. तिशीच्या पुढे फूट मोजत तुम्ही कितीही हिंडा, खाली तेच. माझ्या पहिल्या हंगामात मी त्या मैदानाच्या बरोबर मधोमध दिवसभर नांगर टाकून बसलो होतो. पर्च नावाचा एक मासा मिळाला, माझ्या तळहाताएवढा.

मला वाटतं आपल्याला हा सल्ला इतका पटतो त्यामागे आपलीच नदी आहे. कोकणातल्या शास्त्री नदीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथे एप्रिल-मेमध्ये नदी आटते, उरतात ते डोह, आणि सगळा मासा त्या डोहांत गोळा होतो. मासा हवा तर डोह गाठा, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. पण डोहात मासा जमतो तो खोलीच्या प्रेमापोटी नव्हे; बाकी कुठे पाणीच उरत नाही म्हणून. मिल लॅक्स आटत नाही. तिथल्या माशाला सगळं तळं मोकळं आहे आणि तो जेवण असेल तिथे जातो.

जेवण कुठे असतं ते जून महिन्यात नीट कळतं. तळ्याच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागात चिखलाची पठारं आहेत. इथले लोक त्यांना मड फ्लॅट म्हणतात. भोवती तीस-पस्तीस फूट पाणी आणि पठाराचा माथा वीस-पंचवीस फुटांवर. या चिखलात मेफ्लाय नावाच्या किड्याच्या अळ्या बिळं करून राहतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या वर येऊ लागतात, त्यांच्यामागे पर्च येतो, आणि अळ्या व पर्च दोन्ही खायला वॉलाय पठारांच्या कडेला लागतो. कड हा शब्द इथे महत्त्वाचा. पठाराचा माथाही नाही, भोवतालचा तळही नाही. जिथे उतार सुरू होतो तिथून बोट हळूहळू सोडत न्यायची, लिंडी रिगला जळू लावून. सरकत्या वजनाच्या या साध्या जोडणीने या राज्यात जितके वॉलाय पकडलेत तितके क्वचितच दुसऱ्या कशाने पकडले असतील.

खोलीचा सल्ला आणखी दोन ठिकाणी तोंडघशी पडतो. शेजारच्या विस्कॉन्सिनमधलं विनेबेगो तळं क्षेत्रफळाने साधारण मिल लॅक्सएवढंच, पण सर्वात खोल जागा अवघी २१ फूट, आणि वॉलायसाठी ते नावाजलेलं आहे. तिथे ‘खोल’ कुठे शोधणार? दुसरीकडे, खरोखर खोल असलेल्या तळ्यांत ऑगस्टमध्ये पाण्याचे थर पडतात. वर कोमट, खाली थंड, आणि अनेक तळ्यांत खालच्या थरातला प्राणवायू संपत आलेला. त्या थरात आमिष सोडणं म्हणजे रिकाम्या घराची कडी वाजवणं. शिवाय तीस फुटांहून खोलातून झपाट्याने वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते. नियमामुळे तो सोडावा लागला तरी पुष्कळदा वाचत नाही. पाणी कोमट असेल तर वाचण्याची शक्यता आणखीच कमी. हे त्या मजकुरात कुणी लिहीत नाही.

खडकांचं प्रकरण थोडं वेगळं आहे. ‘वॉलाय खडकाळ जागी असतो’ हे वसंतात अगदी बरोबर. बर्फ गेलं आणि पाणी ४० अंश फॅरनहाइटच्या पुढे सरकलं की तो अंडी घालायला उथळ, लाटा आपटणाऱ्या खडी-गोट्यांच्या काठावर येतो, नाहीतर नदीत चढतो. हंगाम उघडतो तेव्हा हे काम बहुतेक उरकलेलं असतं. काही मासे आठवडा-दोन आठवडे आसपास रेंगाळतात, म्हणून मेमध्ये खडीच्या उंचवट्यांवर यश येतं. मग माणूस जुलैतही त्याच गोट्यांवर गळ टाकून बसतो आणि मासे संपले म्हणतो. मासे संपलेले नसतात, बारसं आटोपून पाहुणे घरी गेलेले असतात.

आणि अंड्यांसाठी तरी खडक हवाच असं कुठे आहे? विनेबेगोचेच वॉलाय वुल्फ नदीत कित्येक मैल वर चढतात आणि पुराचं पाणी शिरलेल्या पाणथळ गवतावर अंडी घालतात. गवतावर! पाणी त्या गवतातून वाहतं राहिलं तर पिल्लं पाण्याबरोबर नदीत उतरतात. पूर लवकर ओसरला तर त्या वर्षीची पिढीच कमजोर. तेव्हा एका तळ्याचा नियम शंभर मैलांवरच्या दुसऱ्या तळ्याला लागू होईल अशी खात्री मला तरी कुणी देऊ नये.

‘दिवसा खात नाही, रात्रीच जा.’ या माशाच्या डोळ्यात, पडद्यामागे, प्रकाश परत फेकणारा थर असतो. मांजराचे डोळे अंधारात चमकतात तसेच याचेही चमकतात. त्याचं नावच त्या पांढुरक्या डोळ्यांवरून पडलंय. अंधुक उजेडात त्याला पर्चपेक्षा चांगलं दिसतं, म्हणून सांजवेळी तो शिकारीला निघतो. इथपर्यंत सगळं ठीक. पण अंधुक उजेड फक्त रात्रीच मिळतो का? कॅनडाच्या सीमेवरच्या लेक ऑफ द वूड्स या तळ्यावर, जिथे चौदा हजारांहून जास्त बेटं आहेत, पाणी चहाच्या रंगाचं असतं. तिथे भर दुपारी लोक वॉलाय पकडतात. ढगाळ दिवस, गढूळ पाणी, वीस फुटांखालचा काळोख, लाटांनी मोडलेला पृष्ठभाग, हे सगळे त्याच्यासाठी ‘संध्याकाळ’च. उलट मिल लॅक्समध्ये २००५ साली झेब्रा शिंपले सापडले. ते पाणी गाळून खातात, त्यामुळे तळं पूर्वीपेक्षा निवळलं, ऊन खोलवर जाऊ लागलं, आणि वडिलांच्या काळातल्या जागा मुलांना लागेनाशा झाल्या.

नवख्याने तर रात्रीच्या सल्ल्याच्या वाटेला जाऊच नये. एक म्हणजे अनोळखी तळ्यावर अंधारात गोट्यांच्या उंचवट्यावर मोटारीचा पंखा तुटतो. दुसरं म्हणजे मिल लॅक्सवर काही हंगामांत रात्री १० ते सकाळी ६ गळ टाकायला बंदीच होती. इथले नियम दरवर्षी बदलतात. १८३७ च्या करारातले ओजिब्वे या मूलनिवासी लोकांचे मासेमारीचे हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये कायम केले, तेव्हापासून किती मासा काढायचा हे राज्य आणि जमाती मिळून ठरवतात. तेव्हा व्हॉट्सॲप बाजूला ठेवून निघण्याआधी राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचं त्या वर्षीचं पत्रक वाचा. त्याच खात्याच्या संकेतस्थळावर बहुतेक तळ्यांचे खोलीचे नकाशे आणि जाळ्यांनी केलेल्या पाहणीचे आकडे फुकट मिळतात.

वाऱ्याचा मुद्दा मी अर्ध्याहून जास्त मान्य करतो. लाटा उजेड मोडतात, काठाची माती ढवळली जाते, बारके मासे गोंधळतात आणि वॉलाय त्याचा फायदा घेतो. फक्त वारा सकाळी फिरला असेल तर दुपारी तिथे मासा हजर असेल असं नाही. एक-दोन दिवस एकाच दिशेने वाहिलेला वारा खरा कामाचा. आणि मिल लॅक्स परातीसारखं उथळ असल्याने तिथली लाट आखूड, उभी आणि चिडकी असते. सोळा फुटांची बोट वाऱ्याच्या काठाला नांगरून ठेवणं म्हणजे काय, हे ज्याने एकदा भोगलंय तो हा सल्ला पुढे पाठवत नाही.

बोटींच्या गर्दीबद्दल काय बोलायचं? शनिवारी बोटींचा थवा दिसतो तो दुसऱ्या बोटींचा थवा बघून आलेला असतो. सगळे कालच्या बातमीवर नांगरलेले. त्यातून काही शिकायचंच असेल तर थव्यापासून लांब, एकाच रेषेत तीनतीनदा फिरणारी एकटी बोट बघा, ती किती खोलीवरून जाते ते आपल्या यंत्रावर मोजा, आणि तेवढ्याच खोलीची दुसरी कड शोधा. तिच्या जवळ जाऊन उभं राहू नका, शिव्या खाल.

राहिलं सोनार यंत्र. गार्मिन कंपनीने २०१८ मध्ये लाइव्हस्कोप नावाचं असं यंत्र आणलं तेव्हापासून समोर पोहणारा मासा पडद्यावर हलताना दिसतो, हे खरंच. मित्राच्या बोटीवर बघितलंय, भूल पडते. पण थोडा हिशोब करा. यंत्र बोटीभोवती शंभर फूट दाखवतं असं धरलं तर एका जागेवरून तीन हजार चौरस मीटरहून कमी पाणी दिसतं. मिल लॅक्स पूर्ण बघायला अशा १,८०,००० हून जास्त जागा घ्याव्या लागतील. म्हणजे यंत्राआधी जागा निवडावीच लागते. त्यातून गोट्यांमध्ये तळाला चिकटून बसलेला वॉलाय त्यात नीट दिसत नाही, आणि दिसलेला मासा वॉलायच असेल याची हमी नसते. ईरीसारख्या प्रचंड तळ्यावर गोष्ट निराळी. तिथले पुष्कळ वॉलाय पश्चिमेच्या उथळ भागात अंडी घालून उन्हाळ्यात पूर्वेच्या खोल पाण्याकडे सरकतात आणि खाली ना खडक ना कड अशा मोकळ्या पाण्यात बारक्या माशांच्या थव्यामागे फिरतात. तिथे यंत्राला काम आहे. तरी आधी थवा कुठल्या भागात आहे ते माहीत हवंच.

मग मी काय करतो? पहिल्या दिवशी सगळं तळं विसरतो. धक्क्यापासून दोन-तीन मैलांचा एकच तुकडा घेतो आणि त्यात तीन वेगळ्या प्रकारच्या जागा निवडतो: एक खडीचा उंचवटा, एक पाणवनस्पतींची बाहेरची कड, एक चिखलाचा उतार. प्रत्येकीला एक तास, घड्याळ लावून. पाणवनस्पती बहुतेक मराठी मंडळी ‘शेवाळ’ म्हणून सोडून देतात, पण भर जुलैत पर्चची पिल्लं तिथेच लपतात आणि आठ-दहा फुटांत दमदार वॉलाय मिळतो.

आमिषाच्या दुकानात ‘कुठे लागतायत?’ असं विचारत नाही. त्याचं उत्तर सगळ्यांना एकच मिळतं, आणि ते आठवडाभर शिळं असतं. ‘किती फुटांत?’ विचारतो, आणि ‘जळवा जास्त खपतायत की गांडुळं?’ दुकानदार यावर खोटं बोलत नाही, कारण त्याचा माल त्याच्या समोरच असतो.

तिसरा प्रश्न मासे साफ करायच्या टेबलापाशी. मागच्या जूनमध्ये दिवसभर गोट्यांवर घासून मला नियमात बसणारा एकच वॉलाय मिळाला होता, तोही संध्याकाळी परत येताना, चिखलाच्या पठारावरून जाता जाता. पोट चिरलं तर आत पर्चचा पत्ता नाही. नुसत्या पिवळट अळ्या, मूठभर, काही अजून वळवळत होत्या. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने वाकून बघितलं, काही न बोलता माझ्या डब्यातल्या मिनोंकडे, म्हणजे आमिषाच्या बारक्या माशांकडे, बोट दाखवलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी जळवांचा डबा घेऊन थेट उत्तरेला निघालो.